पाय लटपटतात? मग आधी शिडी निवडा!

ऑफिसचा अख्खा ग्रूप हरिहरला निघालाय आणि तुम्हाला मॉलच्या काचेच्या लिफ्टमध्येही भिंतीकडे तोंड करून उभं राहावंसं वाटतं? टेन्शन नको. उंचीची भीती असणाऱ्यांनी पहिली लोखंडी वाट कशी निवडायची, याची ही गोष्ट. सुरुवात मात्र खान्देशातल्या एका सपाट गावापासून...

वरणगावात उंच असं काही नाही. भुसावळहून हायवेने पूर्वेला निघालात की दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लागतात. त्या मागे पडल्या की नजर अडवणारं फारसं काही उरत नाही. केळीच्या बागा, कपाशी, ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. रेघच, डोंगर नाही! इथे लहानाचं मोठं होताना तुम्ही चढू शकता अशी सगळ्यात उंच जागा म्हणजे घराची गच्ची. पाण्याच्या टाकीलाही शिडी असते, पण तिच्यावर चढणाऱ्याचं पुढे काय होतं हे गावातल्या प्रत्येक बापाने प्रत्येक पोराला नीट समजावून सांगितलेलं असतं.

मग हीच पोरं-पोरी पुण्या-मुंबईत नोकरीला लागतात. सह्याद्री दाराशी येतो. सोमवारच्या लंच ब्रेकमध्ये कुणीतरी मोबाईल पुढे करतं, उभ्या कातळातल्या पायऱ्यांवर मुंग्यांसारखी रांग लावून चढणारी माणसं दाखवतं आणि म्हणतं, "या वीकेंडला हेच!" सगळे 'सॉलिड', 'भन्नाट' करत अंगठे टाकतात. त्यातल्या एखाद्याच्या तळव्यांना नुसता व्हिडिओ बघूनच घाम फुटलेला असतो, पण तोसुद्धा अंगठा टाकतो. टीममध्ये नवा असतो ना!

आमच्या घरात हा घाम वंशपरंपरेने आलाय. मला आहे, माझ्या आतेभावाला माझ्याहून जास्त आहे. तो वरणगावचा. वडील फॅक्टरीतून रिटायर झालेले, हा हिंजवडीत एका आयटी कंपनीत. दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. "ताई, ऑफिसवाले हरिहरला जाऊ राह्यले. डिसेंबरमध्ये. नाही म्हणू का हो म्हणू?" मी विचारलं, तुला काय वाटतं? तर म्हणाला, "वाटायचं काय त्यात! व्हिडिओ पाहूनच पाय कापू राह्यले."

त्या एका फोनमुळे मी कामाला लागले. जगभरातले घाबरट लोक डोंगराचं काय करतात, ते शोधायला.

इटलीतली लोखंडी वाट

युरोपात यासाठी एक भारी गोष्ट आहे. व्हिया फेराटा. इटालियन शब्द, अर्थ अगदी सरळ: लोखंडी वाट. कड्याला जाड पोलादी केबल ठोकून बसवलेली असते. जिथे पाय ठेवायला खडक नाही तिथे लोखंडी खुंट्या किंवा शिडीच्या पायऱ्या. तुमच्या कमरेला हार्नेस, डोक्यावर हेल्मेट आणि हार्नेसला जोडलेले दोन पट्टे, प्रत्येकाच्या टोकाला एक कॅरॅबिनर, म्हणजे स्प्रिंगचं तोंड असलेली कडी. दोन्ही कड्या केबलमध्ये अडकवायच्या आणि चालू पडायचं. दर काही मीटरवर केबल खडकाला जिथे ठोकलेली असते, तिथे एक कडी काढून पुढच्या भागात अडकवायची, मग दुसरी. दोन्ही एकदम कधीच काढायच्या नाहीत. म्हणजे पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत तुम्ही डोंगराला बांधलेले असता.

याची मुळं आल्प्समध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत जातात, पण या वाटांचं जाळं विणलं गेलं ते पहिल्या महायुद्धात. डोलोमाइट्सच्या कड्यांवर १९१५ पासून इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचं सैन्य समोरासमोर होतं. जवान आणि सामान वर चढवायला त्यांनी शिड्या आणि दोर ठोकले. युद्ध संपलं, पण त्यातल्या कित्येक वाटा पुढे गिर्यारोहण क्लबांनी दुरुस्त करून हौशी लोकांना मोकळ्या केल्या.

पट्ट्यांबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या जुगाडू मंडळींनी नीट वाचावी. हार्नेसला घरचा दोर बांधून कडी अडकवली की झालं, असं नसतं. पाय सुटला तर तुम्ही केबलवरून घसरत खालच्या ठोकणीपर्यंत येता, कधी कधी कित्येक मीटर. तिथे जो हिसका बसतो तो साध्या पट्ट्याने कमरेला झेपत नाही. म्हणून खऱ्या सेटमध्ये एक घडी घातलेली पट्टी असते. हिसका बसला की तिची शिवण उसवत जाते आणि ती धक्का खाऊन टाकते. युरोपचं मानक अशा सेटची चाचणी ४० ते १२० किलो वजनाच्या माणसांसाठी घ्यायला सांगतं, आणि एकदा जोराची पडझड झेललेला सेट पुन्हा वापरायचा नसतो.

आशियात बघायचं तर मलेशियातल्या किनाबालू डोंगरावरची व्हिया फेराटा आपल्याकडच्या फिरस्त्यांच्या लिस्टमध्ये असते. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्या वर, आणि त्यातही नवख्यांसाठी वेगळी, छोटी वाट. याच डोंगरावर ५ जून २०१५ च्या भूकंपात १८ जण गेले, हेही जाणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

'ईझी' म्हणजे कुणासाठी ईझी?

आता खरी गंमत. या वाटांना ग्रेड असतात. ऑस्ट्रिया-जर्मनीकडे ए पासून ई पर्यंत, स्वित्झर्लंडमध्ये के १ ते के ६. भित्रा माणूस काय करतो? सगळ्यात खालची ग्रेड शोधतो आणि बुकिंग करून मोकळा होतो. इथेच फसगत होते. कारण ग्रेड मुख्यतः सांगते ती दंडात किती जोर लागेल आणि खुंट्या किती लांब लांब आहेत, हे. तुमच्या पायाखाली किती मोकळी हवा आहे, हे त्या एका अक्षरातून नीट कळत नाही. गिर्यारोहक त्या मोकळेपणाला 'एक्स्पोजर' म्हणतात आणि आपल्यासारख्यांचं सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

उदाहरण घ्या. स्वित्झर्लंडमधलं म्यूरेन गाव. तिथली व्हिया फेराटा मधल्या ग्रेडची, दमवणारी मुळीच नाही, बऱ्याच भागात ती चढतही नाही, आडवी जात खाली उतरते. सुरुवात झाडीतून. आणि मग अचानक झाडी संपते, कड्यात ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांवरून चालायचं आणि खाली थेट लाउटरब्रुनेनची दरी. ताकदीच्या हिशोबाने मध्यम. आमच्या आतेभावाच्या हिशोबाने अशक्य!

आपल्या हरिहरचंही तेच. नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरजवळ. ब्रिटिशांनी १८१८ च्या लढाईत आणि नंतर आपल्या कितीतरी किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, हरिहरच्या पायऱ्या मात्र शाबूत राहिल्या. सलग कातळात कोरलेल्या, शंभराच्या वर, आणि जवळजवळ उभ्या. प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना हाताची बोटं घालायला खोबणी आहे. त्या ज्याने कोरल्या त्याला साष्टांग दंडवत, इतक्या त्या बरोबर हाताच्या अंतरावर आहेत. चढायला अवघड? नाहीच. शाळकरी मुलं सरसर चढतात. पण मागे वळलात की खाली काही नाही. दरवाजातून आत गेल्यावर कड्याच्या कपारीतून वाकून जायचं आणि पुढे पुन्हा पायऱ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चढायची आणि उतरायची वाट एकच. मधेच धीर सुटला तर बाजूला व्हायला जागा नाही, आणि खालून पन्नास लोक वर येत असतात. पावसाळ्यातल्या वीकेंडची तिथली कोंडी सोशल मीडियावर इतकी गाजली, की वनखात्याला मधे पडून निर्बंध घालावे लागले.

माझं स्पष्ट मत: उंचीची भीती असणाऱ्याने पहिला किल्ला म्हणून हरिहर निवडू नये. कितीही सुंदर असला तरी. शनिवार-रविवारी तर मुळीच नको. पनवेलजवळच्या कलावंतीण सुळक्याबद्दलही तेच मत, त्यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

तापीच्या पुलावर काय होतं?

भीती म्हटलं की आपण लगेच 'मनाचे खेळ' म्हणून मोकळे होतो. पण यात शरीराचाही मोठा हात आहे, आणि तो समजायला वरणगावकराला स्वित्झर्लंडला जावं लागत नाही. तापीला पूर आला, हतनूरचे दरवाजे उघडले (एकूण ४१ आहेत) की भुसावळ-यावल रस्त्यावरच्या पुलावर माणसं पाणी बघायला थांबतात. कठड्याला धरून एक मिनिट खालच्या वाहत्या पाण्याकडे बघा. पूलच उलट्या दिशेने चाललाय असं वाटायला लागतं. पाय आपोआप फाकतात, हात कठडा घट्ट धरतात. पूल हललेला नसतो. डोळ्यांनी थाप मारलेली असते.

उंचावर दुसऱ्या प्रकारची थाप असते. आपण उभे असताना शरीर सतत थोडं थोडं डोलत असतं. जवळच्या वस्तू, भिंत, टेबल, समोरचा माणूस यांच्याकडे बघून डोळे ते डोलणं पकडतात आणि मेंदू ते सावरतो. कड्यावर उभं राहिलं की जवळ काहीच नसतं, सगळं शेकडो फुटांवर. डोळ्यांना डोलणं कळत नाही, कान आणि पाय वेगळंच सांगतात, आणि मेंदू घोटाळ्यात पडतो. आपण जास्तच डोलायला लागतो. म्हणजे 'तोल जाईल असं वाटतंय' हे अगदीच खोटं नाही, थोडं खरंच असतं! जर्मनीत म्युनिकच्या न्यूरॉलॉजिस्टनी हजारो लोकांची पाहणी केली, तेव्हा सुमारे २८ टक्के लोकांनी उंचीवर असा त्रास होतो किंवा कधीतरी झालाय असं सांगितलं. म्हणजे दहा जणांच्या टीममध्ये दोन-तीन तरी. फक्त ग्रूपवर कुणी तसं लिहीत नाही.

यातून काही उपाय आपोआप निघतात. नजर जवळ ठेवायची, समोरच्या पायरीवर, स्वतःच्या हातावर. हाताने काहीतरी धरायचं. घट्ट आवळायची गरज नसते, रेलिंगला नुसतं बोट टेकलं तरी डोलणं कमी होतं. सरकणारे ढग, उडणारी घार बघत बसायचं नाही. मोबाईलच्या स्क्रीनमधून दरी बघायची नाही, सेल्फी तर अजिबात नाही. फारच गरगरलं तर बसायचं. बसलं की अर्धी भीती जागच्या जागी उतरते.

'सवय केली की जाते' हेही अगदीच खोटं नाही. जर्मन कवी गटे १७७० च्या सुमारास स्ट्रासबुर्गला शिकत होता तेव्हा त्याला उंचीचा भयंकर त्रास व्हायचा. तो तिथल्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढला, वरच्या छोट्याशा उघड्या जागेत उभा राहिला, भीती ओसरेपर्यंत. ही गोष्ट त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. पण यात एक बारीक मुद्दा आहे. तो एकटा जायचा, आपल्या वेळेने. मागे पन्नास जणांची रांग नव्हती आणि 'चल रे, काही होत नाही' म्हणणारा टीम लीडर नव्हता.

मंगळवारची कळसूबाई

तर आतेभावासाठी माझ्या अटी ठरल्या. हाताला सतत काहीतरी धरायला हवं. अवघड जागा तुकड्या-तुकड्यांत हवी, मधे बसायला सपाटी हवी. कुठूनही परत फिरता यायला हवं. आणि गर्दी नको. या चारही अटी पुऱ्या करणारी वाट महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखरावर निघाली! कळसूबाई, १६४६ मीटर. उंचीची भीती असणाऱ्याला राज्यातल्या सर्वोच्च ठिकाणी पाठवायचं हे ऐकून आत्या म्हणाली, "कायले जाता तिकडे? आपल्या घरची गच्ची काय कमी आहे?"

पण आकड्याला घाबरायचं नसतं. १६४६ मीटर ही उंची समुद्रापासूनची. पायाखालची मोकळी हवा वेगळी. कळसूबाईचा बराचसा चढ हा रुंद सोंडेवरचा, पायऱ्यांचा, दमछाक करणारा पण सुरक्षित. जिथे कातळाचे टप्पे आडवे येतात तिथे लोखंडी शिड्या बसवल्यात, दोन्ही बाजूंना रेलिंगसकट. त्या आधी माणसं बाजूच्या साखळ्या धरून चढायची.

आम्ही दिवाळीनंतरचा मंगळवार धरला. पाऊस संपलेला, कातळ कोरडा, हवा स्वच्छ. वरणगावातून भुसावळ, भुसावळहून रात्रीची गाडी, तीनशे किलोमीटरवर इगतपुरी. तिथून घोटी, आणि घोटीहून जीपने बारी गाव. पुण्याहून येणाऱ्यांना संगमनेर-अकोले-राजूर हा रस्ता. आत्याने डब्यात बट्ट्या, तुपाची बाटली आणि कळण्याच्या भाकरी दिल्या होत्या. वरण तेवढं नव्हतं, ते गाडीत सांडतं म्हणून.

बारीतून शेतं ओलांडली की पायथ्याशी कळसूबाईचं छोटं देऊळ लागतं. ज्यांना वर जाणं जमत नाही ते इथेच हात जोडतात. आतेभावाने इथे फार वेळ हात जोडले, मी घाई केली नाही.

पहिली शिडी छोटी होती. तो तिच्यावरून कधी गेला हे त्याला कळलंच नाही. दुसऱ्या मोठ्या शिडीपाशी मात्र थांबला. तिचा त्रास वेगळा आहे. पायऱ्यांच्या मधून खालचं दिसतं. प्रत्येक पावलाला पाऊल बघायचं म्हटलं की त्याच्यामागचा उतारही दिसतो. त्याचा चेहरा पांढरा पडला. आम्ही बाजूच्या कातळावर बसलो. दहा मिनिटं काहीच बोललो नाही. इतक्यात खालून एक काका आले, डोक्यावर कोल्ड्रिंकचा क्रेट, एक हात क्रेटला, एक रेलिंगला. वर त्यांचं दुकान होतं. आमच्याकडे बघून म्हणाले, "बसा, बसा. शिडी कुठं जातीय?" आणि चप्पल वाजवत वर निघून गेले.

मग आम्ही एक पद्धत ठरवली. मी पुढे, तो मागे. नजर माझ्या बुटांच्या टाचेवर. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, हात किंवा पाय. तीन जागी पकड कायम. आणि मोजायचं नाही, कारण किती राहिल्या हे कळलं की माणूस वर बघतो. मला स्वतःला पुढे राहण्याचा फायदा झाला. मागे कुणीतरी आपल्या टाचेकडे बघतंय म्हटल्यावर पाय लटपटवायची सोय राहत नाही!

तो ती शिडी चढला. पुढची पण चढला. मग विहीर लागली, त्या उंचीवरही पाणी आहे याचं आम्हा दोघांना भारी नवल वाटलं, आणि त्यानंतर शेवटची शिडी. माथ्याआधीची. वारा सुटला होता. त्याने वर बघितलं, रेलिंगला हात लावला, हात काढला, आणि म्हणाला, "ताई, तू जाऊन ये. मी इथं बट्ट्या खातो."

मी गेले. शिडीवर तीनदा थांबून गेले, पण गेले. माथ्यावर कळसूबाईचं एवढंसं देऊळ, आत जेमतेम दोन माणसं मावतील असं. समोर अलंग, मदन, कुलंग ओळीत उभे, एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी. मी सगळं बसूनच बघितलं. उभं राहून बघितलं पाहिजे असा कुठे नियम आहे?

खाली आले तेव्हा तो विहिरीपाशी एका म्हाताऱ्या बाबांशी केळीच्या भावावर चर्चा करत बसला होता. उतरताना एक शोध लागला. शिडीकडे तोंड करून, म्हणजे दरीकडे पाठ करून उतरलं की भीती निम्म्यावर येते. दिसायला बावळट दिसतं. मंगळवारी बघायला कुणी नव्हतं.

इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी. कळसूबाईच्या शिड्या आणि युरोपातली व्हिया फेराटा यांत सगळ्यात मोठा फरक म्हणजे आपल्याकडे कडी अडकवायला केबल नाही. तुमचा हात हाच तुमचा दोर. म्हणून ओल्या शिडीवर, पावसात, धुक्यात, विजा कडाडत असताना नवख्याने जायचं नाही. लोखंड आणि वीज यांचं नातं सांगायला नको. नवरात्रात तिथे देवीची जत्रा असते, तेव्हा शिड्यांवर दोन्ही दिशांनी गर्दी. देवीवर श्रद्धा असेल तर जरूर जा, पण भीती घालवायच्या कार्यक्रमासाठी ते दिवस नकोत.

ज्यांना कळसूबाईसुद्धा एकदम फार वाटते त्यांच्यासाठी आमच्या खान्देशाच्या उंबऱ्यावरच अजिंठा आहे. लेणी सगळ्यांनी पाहिलेली असतात, शाळेच्या सहलीत तरी. पण घोड्याच्या नालेसारख्या त्या कड्यासमोरच्या व्ह्यू पॉइंटवर किती जण गेलेत? १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला शिकारीच्या नादात ही लेणी दिसली, ती अशीच समोरच्या बाजूने. तिथे उभं राहून रेलिंगला बोट टेकून खालची वाघूर बघायची, जी पुढे जाऊन आपल्या तापीलाच मिळते. पाच मिनिटं, मग दहा. शिडी नाही, चढ नाही, परतीची वाट पाठीमागेच. पायऱ्यांचा सराव करायचा तर बागलाणातलं मांगी-तुंगी. साडेतीन हजारांच्या आसपास बांधीव पायऱ्या आणि वाटेत २०१६ मध्ये उभी राहिलेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती. पोटऱ्या मात्र तीन दिवस बोलतात.

आतेभाऊ जानेवारीत पुन्हा कळसूबाईला गेला. या वेळी माझ्याशिवाय, ऑफिसमधल्या एका मित्राबरोबर, बुधवारी. शेवटची शिडी चढला. फोटो पाठवला त्यात तो देवळाच्या भिंतीला घट्ट चिकटून उभा आहे आणि हसतोय की रडतोय ते कळत नाही.

आणि डिसेंबरमधल्या हरिहरचं काय झालं? त्याने ग्रूपवर लिहिलं, 'मी पायऱ्यांच्या खालपर्यंत येतो. वर नाही. मला उंचीचा त्रास आहे.' टीम लीडरने हसणाऱ्या स्मायली टाकल्या. पाच मिनिटांनी अकाउंट्समधल्या एका मुलीने लिहिलं, 'मी पण खालीच.' रात्री उशिरा आणखी एकाने, ज्याने सगळ्यात आधी 'सॉलिड' लिहिलं होतं, त्याला पर्सनल मेसेज केला. तिघं पायऱ्यांच्या खाली गवतात बसून राहिले, वर चढणाऱ्यांचे फोटो काढले. तेच फोटो नंतर सगळ्यांनी आपापल्या प्रोफाईलला लावले, कारण हरिहरचा चांगला फोटो खालूनच येतो!

आता त्याच्या डोक्यात रतनगड आहे. तिथे गणेश दरवाजाच्या खाली लोखंडी शिड्या आहेत, कळसूबाईपेक्षा अरुंद आणि कड्याला जास्त चिकटलेल्या, एका वेळी एकच माणूस. वर गेलं की नेढं, म्हणजे डोंगराला आरपार पडलेलं भोक. खाली रतनवाडीला अमृतेश्वराचं कोरीव देऊळ, जे पायसुद्धा न लटपटवता बघता येतं. मी त्याला सांगितलंय, आधी देऊळ बघ, मग शिडी बघ, मग ठरव. त्याने एका मंगळवारची सुट्टी टाकली आहे. अर्जात कारण लिहिलंय, 'फॅमिली फंक्शन'.